प्रवासातला टायफॉइड : लस घेतली, पण बर्फाचं काय?

सील तपासून पाण्याची बाटली घ्यायची आणि तेच पाणी बर्फ घातलेल्या ग्लासात ओतायचं, ही परदेशात फिरणाऱ्यांची नेहमीची चूक. बर्फ बहुधा नळाच्या पाण्याचा असतो आणि टायफॉइडचा जंतू, साल्मोनेला टायफी, गोठल्यावर मरतोच असं नाही. ग्लासात दारू असली तरी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

हा जंतू फक्त माणसाच्या शरीरात मुक्काम करतो. रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडतो, पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांवरून अन्नात येतो आणि दुसऱ्याच्या पोटात जातो. शंभरातले एक ते चार रुग्ण बरे झाल्यावरही पित्ताशयात जंतू बाळगून असतात. त्यांना ताप नसतो, त्रास नसतो, आणि स्वयंपाक मात्र चालू असतो. म्हणून चकचकीत हॉटेल पाहून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. पोटातलं आम्ल बरेच जंतू मारतं, पण ॲसिडिटीसाठी रोज ओमेप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्यांचं हे कुंपण जरा ठेंगणं झालेलं असतं.

लसीची आठवण सहसा बॅग भरताना येते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. व्हीआय पॉलिसॅकराइड लसीचं एकच इंजेक्शन निघण्याच्या किमान २ आठवडे आधी घ्यावं. ते २ वर्षांवरील सर्वांना चालतं, पण २-३ वर्षांनी पुन्हा घ्यावं लागतं. त्याहून लहान मुलांसाठी कॉन्जुगेट लस आहे, ती सहाव्या महिन्यापासून देता येते आणि तिचा असर जास्त टिकतो. पूर्वी टायफॉइड होऊन गेलाय म्हणून लस टाळू नये, तो पुन्हा होऊ शकतो. आणि कोणतीच लस पूर्ण संरक्षण देत नाही. शिवाय पॅराटायफॉइड हा तसाच दुसरा ताप या लसींच्या कक्षेत येतच नाही. थोडक्यात, लस घेतलेल्यालाही तोंड सांभाळावंच लागतं.

पाणी खळखळून उकळू लागल्यावर १ मिनिट तसंच उकळू द्यावं. २,००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. क्लोरीनची गोळी वापरत असाल तर गढूळ पाणी आधी कापडातून गाळून घ्या. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी ते पुरत नाही. गोळी टाकल्यावर पाकिटावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा, बहुतेक गोळ्यांना अर्धा तास लागतो. इतकं सगळं सांभाळणारी माणसंही सकाळी नळाच्याच पाण्याने चूळ भरतात! दात घासायलाही बाटलीचंच पाणी घ्यावं.

खाण्यात बघायची ती वाफ. ताटात आलेला पदार्थ वाफाळता असेल तर बिनधास्त खा. बुफेत तासभर कोमट पडून असलेल्या पदार्थात मात्र जंतूंची वाढ झपाट्याने होते. सॅलड कोणत्या पाण्याने धुतलंय ते कळायला मार्ग नाही, सोडून द्या. फळ सालीचं घ्यावं आणि साबणाने हात धुऊन स्वतः सोलावं. कापून ठेवलेली फळं नकोत.

जंतू पोटात गेल्यापासून ताप येईपर्यंत साधारण १ ते २ आठवडे जातात, कधी महिनाही. म्हणजे ताप बऱ्याचदा घरी परतल्यावरच येतो. तो रोज थोडा थोडा चढत जातो, डोकं दुखतं, भूक जाते. जुलाबच होतील असं नाही, अनेकांना उलट बद्धकोष्ठ होतो. अशा वेळी कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकला हात लावू नका. ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, रक्त द्यायच्या आधी गोळी पोटात गेली, तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच घटते. टायफॉइडसाठी सर्रास होणाऱ्या विडाल या रक्तचाचणीवर नुसतं विसंबू नये, ती फसवते. मलेरियाची तपासणीही सोबत होऊ द्या. कुठून आलात ते डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण त्यावर औषध ठरतं. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६पासून पसरलेल्या प्रकारावर सेफ्ट्रायॅक्सोनसारखी नेहमीची अँटिबायोटिक्स चालत नाहीत, ॲझिथ्रोमायसिन चालतं.

ताप उतरला तरी औषधाचा कोर्स पुरा करावा, आणि शौचाच्या तपासणीत जंतू नाहीत असं कळेपर्यंत इतरांसाठी स्वयंपाक करू नये.