अंधाऱ्या खोलीतली कविता लोकांच्या ओठांवर कशी आली

आयर्लंडमध्ये कविता हा शतकानुशतकं मानाचा पेशा होता. कवींची घराणी असत, पाठशाळा असत. तिथली एक रीत अठराव्या शतकातल्या एका वर्णनात सापडते. गुरूंनी आदल्या रात्री विषय द्यायचा आणि शिष्याने दुसरा सगळा दिवस अंधाऱ्या खोलीत आपल्या खाटेवर पडून कडवी जुळवायची. रात्री दिवे आले की मगच कागदाला हात लावायचा. कविता आधी डोक्यात पक्की व्हायची, ती अशी.

१६०१ मध्ये आयरिश सरदार इंग्रजांविरुद्धची किन्सेलची लढाई हरले, १६०७ मध्ये उत्तरेकडचे सरदार गलबतात बसून युरोपात निघून गेले. बिदागी देणारेच उरले नाहीत. अक्षरं मोजून बांधलेली वृत्तं मागे पडली आणि चालीवर म्हणता येईल अशी रचना शेतकऱ्यांच्या घरांत रुजली.

अशा रचनांतलं सर्वांत थोर काव्य मला एका विधवेचं वाटतं. कॅथलिकांना पाच पौंडांहून महागडा घोडा बाळगायला कायद्याने बंदी होती. कॉर्कमधल्या आर्ट ओ'लिअरीची घोडी याच किमतीत मागितली गेली, त्याने नकार दिला, आणि मे १७७३ मध्ये त्याला गोळी घातली. घोडी एकटीच घरी आली. त्याची बायको आयलीन आपल्या विलापात सांगते: पहिली उडी उंबऱ्यावर, दुसरी फाटकापाशी, तिसरी घोडीच्या पाठीवर. ती पोचली तेव्हा त्याचं रक्त वाहत होतं. ते तिने पुसलं नाही, ओंजळीने प्यायली. विलापात नणंद टोमणाही मारते की तू झोपली होतीस, आणि आयलीन तिथल्या तिथे उत्तर देते: लेकरांना झोपवायला गेले होते. हे लिहिलं कोणी? पुढे कितीतरी वर्षांनी, एका रुदालीच्या तोंडून ऐकून, दुसऱ्यांनी.

सुरांचं नशीब वेगळं निघालं. जुलै १७९२ मध्ये बेलफास्टला हार्पवादकांचा मेळा भरला. नव्वदी ओलांडलेले आंधळे डेनिस हेम्पसन धातूच्या तारा जुन्या पद्धतीने, वाढवलेल्या नखांनी छेडत होते. १९ वर्षांच्या एडवर्ड बंटिंगने त्या चाली टिपल्या. पण त्याला आयरिश येत नव्हतं, त्यामुळे १७९६ चा त्याचा संग्रह शब्दांविना छापला गेला. १८०८ पासून थॉमस मूर यांनी त्यातल्या काही चालींवर इंग्रजी गीतं रचली. ती दिवाणखान्यांत गाजली, आणि मूळ शब्द पश्चिमेच्या खेड्यांत राहिले. त्याच खेड्यांवर १८४५ पासूनचा दुष्काळ सर्वांत क्रूरपणे कोसळला. देशभरात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली.

जे वाचलं, ते पश्चिमेकडच्या कॉनेमारासारख्या किनाऱ्यांवर. तिथे ‘शान-नोस’ म्हणजे जुन्या वळणाचं गाणं साथीशिवाय गातात. कधी शेजारचा माणूस गाणाऱ्याचा हात धरून तो सुरांसोबत हळूहळू फिरवत राहतो. १९४२ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने शेमस एनिस यांना गाणी गोळा करायला नेमलं. ते सायकलवरून गावोगाव फिरले. ग्लिन्स्कच्या कोलम ओ कीनकडून तर त्यांना दोनशेहून अधिक गाणी आणि चाली मिळाल्या. एनिस यांना आयरिशही येत होतं आणि स्वरलिपीही. म्हणून या वेळी चाल आणि शब्द एकाच माणसाच्या हातून उतरले.