कॅटमरान रुंद केली की जोरात पळते का?

नर्मदेकाठच्या चांदोदला संगमाकडे निघालेल्या नावेत नावाडी आधी उतारूंना दोन्ही बाजूंना सारखं बसवून घेतो. फोटोसाठी कुणी काका उठून कडेला गेले, की ओरडतोच. शिडाच्या होडीत तर प्रत्यक्ष वाराच तिला एका कुशीवर लोटत असतो. तिचा तोल राखायला एक तर तळाशी शिशासारखं जड वजन लावावं लागतं, नाहीतर दोन सडपातळ होडकी अंतरावर ठेवून आडव्या दांड्यांनी जोडावी लागतात. ही दुसरी म्हणजे कॅटमरान.

समजा, माणसांसकट तिचं वजन ३०० किलो आणि दोन होडक्यांमधलं अंतर २ मीटर. वाऱ्याच्या बाजूचं होडकं पाण्याबाहेर येऊ लागलं, की सगळा भार दुसऱ्यावर पडतो. वजनाचा मध्य तिथून १ मीटरवर, म्हणून सावरणारा जोर ३०० गुणिले १. वाऱ्याचा रेटा ३ मीटर उंचीवर लागतो असं धरलं, तर ती साधारण १०० किलोंचा रेटा सोसेल. अंतर ३ मीटर करा, रेटा १५० किलोंवर जातो.

दीडपट! पण वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे तेवढंच शीड ठेवलं, तर जास्तीचा वारा सोसता येतो तो जेमतेम २२ टक्के.

आणि होडीचा वेग? रुंदी तो थेट देत नाही. जाड होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. रुंदीच्या दहापट लांब असलेलं होडकं त्यातून बरंचसं सुटतं. खरा वेग या सडपातळपणाचा. रुंदीमुळे फक्त मोठं शीड उभं ठेवण्याची मुभा मिळते. मंद वाऱ्यात ती मुभा वाया जाते, उलट दोन होडक्यांचं पाण्याशी होणारं घर्षण भोवतं. न्यूयॉर्कला १८७६ साली नॅथनिएल हेरशॉफ या अमेरिकी होडीकाराच्या ‘अमॅरिलिस’ कॅटमरानने शर्यत मारली, तेव्हा तिला चक्क बाद ठरवलं गेलं. हरणाऱ्यांची तक्रार समजू शकते.

मग रुंदी वाढवतच का जात नाहीत? कारण आडवा तोल पक्का झाला, की होडी पुढून दगा देते. जोराच्या वाऱ्यात होडक्याचं नाक पाण्यात घुसतं आणि अख्खी होडी पुढे कोलांटी खाते. म्हणजे रुंदीबरोबर लांबीही वाढवायला हवी. १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये धावलेली ‘टॉर्नेडो’ कॅटमरान ६.१ मीटर लांब आणि सुमारे ३ मीटर रुंद, जवळपास निम्मी. लोकप्रिय ‘होबी १६’ ५.०५ लांब, २.४१ रुंद. त्याहून रुंद केलं तर दांड्यांवर पीळ वाढतो, त्या जाड कराव्या लागतात, वजन वाढतं आणि वळताना होडी रेंगाळते.

शिशाचा तळ असलेली होडी आडवी झाली तरी बहुधा उठते. कॅटमरान एकदा उलटली, की उलटीसुद्धा तितकीच स्थिर राहते. ‘होबी’वरची दोघं खालच्या होडक्यावर उभी राहून दोर खेचतात आणि तिला सरळ करतात. खोल्या असलेल्या मोठ्या कॅटमरानला हा उपाय चालत नाही, म्हणून अशा अनेक बोटींना उलट्या अवस्थेतही बाहेर पडता येईल अशी झडप ठेवलेली असते.