टळटळीत दुपार: विदर्भाच्या उन्हाळ्यामागचा इतिहास

विदर्भात मे महिन्यातली दुपार घालवत नाहीत, काढतात. अकराच्या सुमारास बाजार पांगतो, दारे लोटली जातात, कूलर सुरू होतात आणि पाच-साडेपाचपर्यंत रस्त्यावर दिसतात ती फक्त ज्यांना निघणे भागच आहे अशी माणसे. बाहेरगावच्या पाहुण्याला हा आळस वाटतो. 'तुमच्याकडे लोक दुपारी झोपतात' हे वाक्य नागपूरच्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते. त्या झोपेला फार मोठा भूतकाळ आहे, आणि तो सगळाच सुखाचा नाही.

आधी शिणाबद्दल. उन्हाळ्यात माणूस काही न करताही दमतो, आणि त्याला कारण आहे. बाहेरची हवा त्वचेपेक्षा जास्त तापली की उष्णता बाहेर टाकायला शरीराकडे एकच वाट उरते, ती घामाची. एक लिटर घाम अंगावर वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. त्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंच्या वाट्याला रक्त कमी येते आणि घामातून पाणी व मीठ जात राहते. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. दुपारी चारला दोन जिने चढताना पाय जड होतात ते त्यामुळे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून मार्चअखेरची पहिली लाट मे महिन्यातल्या तेवढ्याच उन्हापेक्षा जास्त भोवते.

हे गणित माहीत नसतानाही त्यावरचा उपाय फार पूर्वी लिहून ठेवला गेला. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'तल्या ऋतुचर्येत ग्रीष्मात ऊन आणि व्यायाम टाळावा, साखर घालून थंड पाण्यात कालवलेले सातूचे पीठ घ्यावे, मातीच्या भांड्यात फुलांनी वासित केलेले गार पाणी प्यावे, असे सांगितले आहे. दिवसा झोपण्याला आयुर्वेदाचा एरवी विरोध. कफ-पित्त वाढते म्हणून. सूट मिळते ती ग्रीष्माला, आणि दिलेल्या कारणांत 'रात्र लहान असते' हेही एक आहे. मला हे कारण फार आवडते. रात्री अकरापर्यंत भिंती तापलेल्या आणि पहाटे साडेपाचला उजाडलेले, मग झोप पुरी व्हायची कधी? पण तोच ग्रंथ पुढे मध्यान्ही धारागृहात, म्हणजे कारंज्यांच्या घरात, निजायला सांगतो. हा सल्ला कोणासाठी लिहिला होता ते इथे कळते. खारट आणि आंबट टाळा, असेही तो म्हणतो. सावलीत बसलेल्याला ते ठीक. शेतात राबणाऱ्यांनी ते मानले नाही. त्यांच्या घरात मीठ घातलेले ताक, ज्वारीची आंबील आणि कैरीचे पन्हे चालत आले. घामातून मीठ जाते त्याचे काय, याचे उत्तर त्यांच्या स्वयंपाकघरात होते.

मराठीत उन्हाच्या त्रासाला किती नेमके शब्द आहेत पाहा. ऊन लागणे वेगळे, झळ लागणे वेगळे. पाणी कमी पडून लघवीला जळजळ झाली की 'उन्हाळी लागली'. नाकातून रक्त आले की 'घोळणा फुटला'. मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पुढचे नऊ दिवस 'नवतपा'. ज्या समाजाने एवढे शब्द घडवले, त्याने ते दुखणे जवळून पाहिले होते.

घरांनीही ऊन ओळखले होते. वऱ्हाड-खानदेशातली धाब्याची आणि मराठवाड्यातली माळवदाची घरे जाड मातीच्या भिंतींची, लहान झरोक्यांची. दिवसभराची आग भिंतीत मुरायची आणि आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. मग माणसे बाजा घेऊन अंगणात किंवा धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, झोपायला जायची. आत शेणाने सारवलेली जमीन, कोपऱ्यात रांजण, ओल्या वाळूत बसवलेला माठ. माठ गार करतो तो पाझरून. बारीक छिद्रांतून आलेले पाणी बाहेरच्या अंगाला वाळते आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका माठ चांगला. विदर्भातल्या माठासारखे गार पाणी कोकणातल्या माठात मिळत नाही, त्यात कुंभाराचा दोष नाही. तिथल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही.

वाळ्याच्या ताटीमागेही तेच तत्त्व. वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळे, संस्कृतात उशीर, हिंदीत खस. त्यांची ताटी विणून दारात टांगायची, तिच्यावर पाणी मारत राहायचे, आणि बाहेरची आग तिच्यातून येताना गार व सुवासिक होते. अकबराच्या काळी वाळ्याच्या भिंतींच्या खोल्या बांधत, पाणी गार करायला सोरा नावाचा क्षार वापरत आणि १५८६ पासून पंजाबातल्या मुक्कामात डोंगरांतून बर्फ आणला जाई, असे 'आईन-ए-अकबरी'त नोंदले आहे. पुढे इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत याच ताट्या आल्या आणि वर छताला दोरीने ओढायचा कापडी पंखा आला. मध्य प्रांताचे सरकार तर उन्हाळ्यात पचमढीलाच जाई.

हा थंडावा उभा होता तो मात्र माणसाच्या हातांवर. ताटी ओली ठेवायला कोणीतरी दुपारभर उन्हात उभे असे, आणि पंख्याची दोरी ओढणारा व्हरांड्यात बसून, कधी पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून, तासन्‌तास ओढत राही. आतल्या माणसाची वामकुक्षी बाहेरच्या माणसाच्या शिणावर उभी होती. उन्हाळ्याचा इतिहास सांगताना सरबतांच्या आठवणीत आपण हे विसरतो, आणि विसरू नये असे मला मनापासून वाटते.

बोस्टनच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला पोचला, मग मुंबई-मद्रासलाही येऊ लागला. विदर्भाच्या गावांना त्याचा काही उपयोग नव्हता. इथे क्रांती केली ती विजेच्या पंख्याने आणि कूलरने. लोखंडी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना जाळ्या, खाली टाकी, आत मोटर आणि पंखा. जाळीत भरायच्या गवताला किंवा लाकडाच्या भुश्याला नागपुरात आजही 'ताट्या' म्हणतात. पाणी मारणारा माणूस गेला, त्याच्या जागी छोटा पंप आला, आणि पहिल्यांदाच साध्या घरातल्या माणसालाही गार दुपार मिळाली. या यंत्राबद्दल मला खरोखर कृतज्ञता वाटते. पण दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, हेही इथेच लिहिले पाहिजे. टाकी भरताना आधी प्लग काढावा. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासावी, नाहीतर त्याच पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

घरातले पाणी झाले. वाटेवरच्या पाण्याचे काय? अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान द्यायचे आणि उन्हाळाभर पाणपोई चालवायची, या प्रथेला आपण पुण्यकर्म म्हणतो. पण त्या पाण्याला जात होती. कोणाला हातात भांडे मिळायचे, कोणाच्या ओंजळीत वरून धार सोडली जायची, आणि कोणी तहानलेलेच पुढे जायचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ती तारीख २० मार्च १९२७. ऊन चढू लागण्याचे ते दिवस. तो लढा माणुसकीच्या हक्काचा होता. पण सार्वजनिक पाण्यावाचून उन्हाळा काढणे म्हणजे काय, हे तिथे जमलेल्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

पन्ह्यात गूळ आणि मीठ एकत्र का, याचा खुलासा विसाव्या शतकात झाला. आतड्यात साखर असली की तिच्याबरोबर मीठ आणि त्यामागे पाणी वेगाने शोषले जाते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत, पटकीच्या साथीत, मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. आज 'ओआरएस' म्हणून मिळणारी पुडी त्याच तत्त्वावरची आहे आणि उन्हातल्या शिणावरही ती कामाची आहे. खिशातला कांदा मात्र उष्माघात रोखत नाही. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग ४० अंशांच्या वर तापले, तर सरबत पाजत बसू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवावी.

सरकारी पातळीवर उन्हाला आपत्ती मानायला मात्र फार उशीर झाला. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासकांनी काढले, आणि २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला. त्यानंतर नागपूरनेही तो मार्ग धरला. आधी इशारा, दवाखान्यांत वेगळ्या खाटा, पाण्याची सोय, दुपारी कामाला सुट्टी असे त्याचे रूप. तरीही १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारी बसलेल्या जनसमुदायातले १४ जण दगावले. पारा चाळिशीच्या खाली होता, पण हवा दमट होती आणि डोक्यावर छप्पर नव्हते.

आराखड्याच्या कितीतरी आधीपासून आपले वेळापत्रक सांभाळणारे लोक गडचिरोली-गोंदियाच्या जंगलांत आहेत. एप्रिलअखेर तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो तो नेमका ऐन उन्हात. घरची सगळी माणसे पहाटे अंधारातच पाण्याची बाटली आणि भाकरी घेऊन रानात जातात, ऊन चढायच्या आत पाने तोडून परततात. मग दुपारभर मांडवाच्या सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचा एकेक पुडा बांधतात, अधूनमधून आंबील पितात, आणि उन्हे कलल्यावर पुडे घेऊन फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, जातात.