चुरस आणि वैर यांची गल्लत थांबवा

मोठा सामना आला की जाहिरातीत ‘महायुद्ध’, मथळ्यात ‘बदला’. आणि गप्पांत कुणीतरी हमखास म्हणणार, “खेळ माणसांना एकमेकांविरुद्ध उभं करतो.” हे ऐकून ऐकून मी कंटाळलोय. चुरस आणि वैर एकाच मापाने मोजल्यामुळे, दोन अनोळखी माणसं खेळामुळे जवळ येतात ती कशी, हेच लोकांच्या लक्षात येत नाही.

वैर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. वरवरच्या खुणाही दोन्हीकडे त्याच: घोषणा, टोमणे, रंगवलेले चेहरे, घसा बसेपर्यंत आरडाओरडा. त्यावरून काहीच ठरत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. चुरशीला समोरचा हवा असतो, वैराला तो डोळ्यांसमोरही नको असतो.

१९९९चा जानेवारी आठवा. पाकिस्तानचा संघ १२ वर्षांनी भारतात कसोटी खेळायला येणार होता. दौऱ्याला विरोध म्हणून दिल्लीत फिरोजशाह कोटलाची खेळपट्टी उखडली गेली. त्याच महिन्याच्या अखेरीला चेन्नईच्या चेपॉक मैदानावर सचिन पाठदुखी सोसत १३६ धावा करून बाद झाला, तेव्हा जिंकायला फक्त १७ हव्या होत्या. भारत १२ धावांनी हरला. स्टेडियम सुन्न झालं. मग लोक उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या आणि त्या टाळ्यांत पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली. खेळपट्टी उखडणाऱ्यांना सामनाच नको होता. चेपॉकवरच्या लोकांना तो इतका हवा होता की, ज्यांनी तो हातातून काढून नेला त्यांचं मोलही त्यांनाच कळलं.

वैर बहुतेकदा बाहेरून येतं आणि जर्सी घालून मैदानात शिरतं. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास आणि एल साल्वाडोर या देशांमधलं १९६९चं युद्ध फुटबॉलमुळे पेटलं, असं आजही बिनदिक्कत सांगतात. जमिनीचा आणि स्थलांतरितांचा तंटा आधीपासून धुमसत होता. सामने नेमके त्यात सापडले. दोष मात्र चेंडूच्या माथी.

चुरस कशी असते ते मी एकदा रेल्वेच्या प्रतीक्षालयात अनुभवलं. गाडी लेट, माझा फोन बंद पडलेला. शेजारच्या गृहस्थांच्या अंगावर नेमकी समोरच्या संघाची जर्सी. “स्कोअर काय झालाय हो?” एवढंच विचारलं, तर त्यांनी फोन दोघांच्या मध्ये धरला आणि एक इअरफोन माझ्या हातात दिला. शेवटच्या षटकात पायचीतचं अपील तिसऱ्या पंचाकडे गेलं. चेंडू यष्टीला लागतोय का, हे बघताना आमची डोकी एकमेकांना टेकली होती. फलंदाज नाबाद ठरला, सामना त्यांनी जिंकला. ते आनंदाने अर्धवट उठले, माझ्याकडे बघून पुन्हा बसले आणि म्हणाले, “पण तुमच्या त्या पोराने यॉर्कर काय टाकला हो!” नावं आम्ही विचारलीच नाहीत. गाडी येईपर्यंत त्या यॉर्करवरच बोलत होतो.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला यासाठीच फार आवडतो. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांना आधी त्यांच्या संघाबद्दल प्रश्न विचारले. मग वाटेत एक धावणारा त्यांच्यासमोर पडला आणि घोटा धरून कण्हू लागला. अंगात युनायटेडची जर्सी असली की बहुतेक जण मदतीला धावले. कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलची किंवा साधी असली की फारच थोडे. दुसऱ्या फेरीत प्रश्न बदलले: फुटबॉलचा चाहता असणं म्हणजे काय? आता लिव्हरपूलच्या जर्सीलाही मदत मिळू लागली. साधी जर्सी मात्र तशीच दुर्लक्षित राहिली. तिच्या वाट्याला आलेली उपेक्षा वाईटच, पण कट्टर प्रतिस्पर्ध्याला आपलं मानायला एक प्रश्न बदलणं पुरलं, हे मला मोठं वाटतं.

म्हणून सामना बघताना शेजारी कुणी बसवायचंच असेल, तर तटस्थ माणूस नको. समोरच्या संघाचा कट्टर चाहता द्या. शेवटच्या षटकात माझ्याइतकाच श्वास त्याचाही अडकलेला असतो.