अ‍ॅनोरेक्सिया, घर आणि शाळा : तीन शतकांची पार्श्वभूमी

किशोरवयातला अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा मानसिक आजार) मोबाइलमुळे आला, असा समज आता पक्का झाला आहे. पण लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी १६८९ मध्ये क्षयावर लिहिलेल्या ग्रंथातच क्षय नसूनही झिजत गेलेल्या दोघांची नोंद सापडते. एक अठराव्या वर्षी आजारी पडलेली मुलगी, दुसरा १६ वर्षांचा मुलगा. दोघंही पुस्तकांत बुडालेली. मुलगी दगावली. मुलाला मॉर्टन यांनी अभ्यास थांबवून गावाकडच्या मोकळ्या हवेत राहायला सांगितलं, आणि तो बराच सावरला. हा आजार मुलग्यांनाही होतो आणि हुशार, कष्टाळू मुलांच्या अभ्यासाआड तो लपून राहू शकतो, हे त्या नोंदीतच दिसतं.

आजाराला आजचं नाव दिलं लंडनच्या विल्यम गल यांनी. त्याच सुमारास, १८७३ मध्ये, पॅरिसच्या शार्ल लासेग यांनीही स्वतंत्रपणे याच आजाराचं वर्णन केलं. घरचे आधी विनवतात, मग धमकावतात आणि दोन्हींनी आजार आणखी घट्ट होतो, हे लासेग यांनी बारकाईने टिपलं. गल यांनी तर अशा रुग्णांची देखभाल करायला नातेवाईक सर्वांत अयोग्य, असंच म्हटलं. यातूनच मुलीला आईबापांपासून तोडून रुग्णालयात ठेवण्याची रीत पडली. विसाव्या शतकात मधली काही वर्षं दोष मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवर गेला. पुढे तो परत घरावर आला, बहुतेकदा आईवर. उपाशी लेकरासमोर हतबल बसलेल्या आईला ‘हे तुमच्यामुळेच’ असं ऐकवणं, याइतकी क्रूर चूक या इतिहासात दुसरी नाही.

खरं तर उपासमार स्वतःच मन बदलते, हे एव्हाना कळायला हवं होतं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवक तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे झाले, माणसं टाळू लागले, त्यांच्या डोक्यात सतत अन्नच घोळू लागलं. वर्गात हट्टी, तुटक, लक्ष नसलेली दिसणारी मुलगी अनेकदा भुकेने तशी झालेली असते. तिला शिस्त लावायला निघण्याआधी शिक्षकांनी हे जाणून घ्यायला हवं.

वळण आलं १९८७ मध्ये. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयाशी निगडित गटाच्या अभ्यासात, आजार १९ वर्षांच्या आत सुरू होऊन तीन वर्षांहून कमी काळ झाला असेल, तर कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार वैयक्तिक उपचारांपेक्षा सरस ठरले. त्यातून पुढे जी पद्धत रुळली, तिच्यात जेवणाची सूत्रं आधी पालकांच्या हाती येतात आणि तब्येत सुधारेल तशी हळूहळू मुलाकडे परत जातात. ज्यांना दूर ठेवलं जात होतं, तेच उपचाराचा कणा झाले. २०१९ मधल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने या आजारात चयापचयाचाही वाटा असल्याचं दाखवलं आणि आईबापांवरच्या आरोपाचा आधार आणखी ढासळला.

शाळांचा प्रवासही असाच चुकतमाकत झाला. सुरुवातीचा भर आजाराची माहिती देण्यावर होता. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या एका अभ्यासात असं शिक्षण घेतलेल्या शाळकरी मुलींना सहा महिन्यांनी पाहिलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खाण्यावर घातलेले निर्बंध उलट वाढलेले आढळले. कॅलिफोर्नियात सुमारे २९ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेत वजन करून अहवाल घरी पाठवल्याने वजनात फरक पडला नाही. शाळेत वजन केलेल्या मुलांचं स्वतःच्या वजनाबद्दलचं समाधान मात्र घटलं. त्यामानाने सडपातळपणाच्या आदर्शाविरुद्ध मुलींनाच बोलायला, लिहायला लावणाऱ्या कार्यक्रमांचे निकाल आशादायक आहेत.

निदान किंवा उपचार करणं शाळेचं काम नाही. पण दिवसातलं किमान एक जेवण शाळेत होतं, आणि तिथे आईवडील नसतात. म्हणून उपचार सुरू असलेल्या मुलाजवळ मधल्या सुट्टीत कोण बसेल, डॉक्टर परवानगी देईपर्यंत खेळाच्या तासाला ते काय करेल, बुडालेल्या परीक्षेचं काय होईल आणि जेवण राहिलं तर घरी कोण कळवेल, हे पालक, उपचार करणारे आणि वर्गशिक्षक यांनी मूल शाळेत परतण्याआधी एकत्र बसून ठरवावं लागतं.