फुकट सीएमईचे बिल कोण भरते? क्रेडिट पॉइंटची पार्श्वभूमी

चंदगडच्या डॉक्टरला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. पण बेळगावातल्या सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या कार्यक्रमाला, मान्यता असते कर्नाटक वैद्यक परिषदेची आणि या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, म्हणजे एमएमसीकडे. त्यामुळे रविवारी दवाखाना बंद ठेवून शंभरेक किलोमीटरवरचे कोल्हापूर गाठायचे, हॉलच्या दारात सही करायची, व्याख्याने ऐकायची, जेवायचे आणि परतायचे, हा जिल्ह्यातल्या कित्येक जीपींचा, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनरांचा, शिरस्ता राहिला आहे. पावसाळ्यात तर तोही बेभरवशाचा. 2019 आणि 2021च्या पुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, तेव्हा शहरात येणेच थांबले होते. मोबाइलवर, फुकट, घरबसल्या क्रेडिट, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाला लागणारे शिक्षणाचे पॉइंट, मिळणार म्हटल्यावर इथले डॉक्टर लगेच कान टवकारतात ते यामुळे.

डॉक्टरच्या शिक्षणाला तास लावून मोजण्याची कल्पना अमेरिकेतली. तिथल्या जनरल प्रॅक्टिशनरांची अकादमी 1947 साली निघाली, तेव्हाच तिने सभासदत्व टिकवण्यासाठी तीन वर्षांत 150 तासांच्या शिक्षणाची अट घातली. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1968 मध्ये असे तास भरणाऱ्यांना प्रमाणपत्र देणे सुरू केले. 1971 मध्ये न्यू मेक्सिको राज्याने परवान्याच्या नूतनीकरणालाच ही अट जोडली. कार्यक्रमांना मान्यता देणारी स्वतंत्र संस्था, एसीसीएमई, 1981 ची. यातली अकादमीची अट लक्षात ठेवण्याजोगी आहे: परवान्याशी संबंध नसताना, सरकार मागे लागले नसताना, डॉक्टरांनी ती स्वतःवर घालून घेतली होती.

आपल्याकडे उलटे झाले. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002च्या आचारसंहितेने पाच वर्षांत किमान 30 तासांच्या सीएमईची अपेक्षा ठेवली. वर्षाला सहा तास, म्हणजे फार नव्हे. राज्यात पाच वर्षांनी होणाऱ्या नोंदणी-नूतनीकरणाला एमएमसीने 30 क्रेडिट पॉइंट जोडले आणि मग ते अंगावर आले. कार्यक्रमाला आधी मान्यता, वक्ता कोण, विषय कोणता, हजेरीची नोंद, तपासायला परिषदेचा निरीक्षक अशी सगळी व्यवस्था उभी राहिली. व्यवस्था चोख होती, पण ती मोजत होती खुर्चीत घालवलेला वेळ. मागच्या रांगेत डुलकी घेणाऱ्यालाही पुढच्या रांगेत टिपणे काढणाऱ्याइतकेच पॉइंट मिळतात, हे वैद्यकीय वर्तुळात कुणाला सांगावे लागत नाही.

या कार्यक्रमांचा खर्च बहुतेकदा औषध कंपन्यांच्या खिशातून निघत असे. हॉल, जेवण, बॅग, बाहेरगावच्या वक्त्याचे तिकीट, सगळेच. डिसेंबर 2009 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने आचारसंहितेत दुरुस्ती करून डॉक्टरांना कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च आणि पाहुणचार घ्यायला मनाई केली. 2020 मध्ये जुनी परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. त्याने ऑगस्ट 2023 मध्ये आणखी कडक नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. मार्च 2024च्या औषध-विपणन संहितेने कंपन्यांना देशात अटींसह सीएमईला हातभार लावू दिला, परदेशातल्या सीएमईला मात्र नाही. एक दार लोटायचे आणि दुसरे किलकिले ठेवायचे, असे हे वर्षानुवर्षे चालले आहे.

फुकट ऑनलाइन शिक्षणाची गोष्ट याच पैशाच्या वाटेने जाते. मेडस्केप हे डॉक्टरांसाठीचे अमेरिकन संकेतस्थळ 1995 मध्ये सुरू झाले. डॉक्टरांना सारे मोफत, क्रेडिटसह. उत्पन्न जाहिरातींतून आणि उद्योगांच्या अनुदानातून. म्हणूनच अनुदान देणाऱ्याने आशय ठरवू नये यासाठी एसीसीएमईला नियम करावे लागले आणि पुढे ते अधिक कडकही करावे लागले. यावरून असा अभ्यासक्रम वाईट ठरत नाही. कित्येक अगदी उत्तम असतात. पण मधुमेहावरचे तासाभराचे मोफत सत्र पाहताना खाली बारीक अक्षरात अनुदान कुणाचे लिहिले आहे, ते वाचूनच पुढे जावे.

दुसरी परंपरा सार्वजनिक पैशावर उभी आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचांपैकी आयआयटी आणि आयआयएससीचे एनपीटेल 2003 पासूनचे, केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे ओपनडब्ल्यूएचओ दोन्ही 2017 ची. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला, त्यामुळे कोल्हापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या निवासी डॉक्टरांना तो चांगलाच ठाऊक आहे. व्हिडिओ मोफत, पण परीक्षेला शुल्क आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. इथे नुसत्या हजेरीवर भागत नाही, उत्तरे लिहावी लागतात. माझ्या मते क्रेडिटच्या पद्धतीने शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच.

2020च्या टाळेबंदीत सभागृहे बंद पडली, वेबिनारांचा पूर आला आणि ऑनलाइन क्रेडिटचा प्रश्न वैद्यक परिषदांना टाळता येईना. गोंधळही तेव्हापासूनच वाढला. परदेशी मंचावरचे ‘कॅटेगरी 1’ क्रेडिट अमेरिकन व्यवस्थेचे असते. ते एमएमसीच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. ‘सहभागाचे प्रमाणपत्र’ आणि क्रेडिट पॉइंट यांतही फरक आहे, पण रंगीत पीडीएफवर तो सहसा दिसत नाही. चंदगड किंवा गगनबावड्याच्या डॉक्टरने लिंक उघडण्याआधी पाहायचे ते इतकेच, की या कार्यक्रमाला एमएमसीने मान्यता दिली आहे का, आणि दिली असेल तर किती पॉइंटांची.