गर्भारपणातील स्तनाचा कर्करोग

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर वर्षभरात आढळणारा स्तनाचा कर्करोग. साधारण दर १,००० गरोदरपणांत एकदा कोणता ना कोणता कर्करोग सापडतो. त्यांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे.

निदान उशिरा होणे हे या आजाराचे खरे दुखणे. दिवस गेले की स्तन भरतात, घट्ट होतात. गाठ हाताला लागली तरी ‘दुधाची असेल, बाळंतपणानंतर जिरेल’ असे घरी आणि कधी कधी दवाखान्यातही सांगितले जाते. दोन आठवड्यांत न जिरलेली गाठ सोनोग्राफीने पाहावी आणि शंका उरल्यास जाड सुईने तुकडा काढून तपासावा. तुकड्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘गरोदर’ असे लिहिणे आवश्यक असते, कारण या दिवसांत स्तनाच्या निरोगी पेशीही वाढलेल्या दिसतात आणि अहवाल चुकू शकतो. गरज पडल्यास मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करता येते. पेट स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेली तपासणी) शक्यतो टाळतात.

उपचार ठरतात ते कितवा आठवडा चालू आहे यावर. शस्त्रक्रिया केव्हाही करता येते. पहिल्या तिमाहीत गर्भाचे अवयव घडत असल्याने केमोथेरपी देत नाहीत. त्यानंतर डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फामाइड यांसारखी औषधे देता येतात. गर्भवतीचे वजन वाढत जाते, म्हणून मात्रा प्रत्येक खेपेला नव्याने काढतात. साधारण ३५ व्या आठवड्यानंतर केमो थांबवतात. शेवटची खेप आणि प्रसूती यांत तीन आठवडे गेले की आईच्या व बाळाच्या रक्तपेशी सावरतात. ट्रास्टुझुमॅब या, गाठीतील ठरावीक प्रथिनावर काम करणाऱ्या औषधामुळे गर्भजल कमी होते, म्हणून ते, तसेच टॅमोक्सिफेन (इस्ट्रोजेन संप्रेरकाचा परिणाम रोखणारे औषध) आणि किरणोपचार प्रसूतीनंतरच.

गर्भपात केल्याने आई बरी होण्याची शक्यता वाढते, असे आढळलेले नाही. मात्र आजार आक्रमक असेल आणि पहिल्या तिमाहीतच केमोची गरज असेल, तर हा पर्याय डॉक्टरांना मांडावाच लागतो. भारतात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार त्यासाठी सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. पतीची सही कायदा मागत नाही, हे अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

बेल्जियममधील फ्रेडरिक आमां व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी कर्करोग झालेल्या मातांच्या १२९ मुलांची तुलना इतर मुलांशी केली. बौद्धिक वाढीत दिसलेला फरक मुदतपूर्व जन्माशी जोडलेला होता, कर्करोगाच्या उपचारांशी नव्हे. केमोच्या धास्तीने प्रसूती आधी उरकून घेण्याची जुनी पद्धत त्यामुळे मागे पडली.

प्रसूतीनंतर वार (अपरा) तपासणीस पाठवतात, पण कर्करोग तिच्यात उतरणे अत्यंत दुर्मीळ. केमो चालू असेपर्यंत बाळाला अंगावर पाजता येत नाही, कारण औषधे दुधात उतरतात.